लोणारचं वय नक्की किती? न सुटलेलं वैज्ञानिक कोडं हाती कसं घ्यावं

लोणारच्या काठावर गाडी थांबली की गाईड पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगून मोकळा होतो. हे विवर पन्नास हजार वर्षांपूर्वी उल्का पडून झालं. काळ्या दगडातलं असं विवर जगात दुसरं नाही. आणि इथे होकायंत्राला दिशा कळत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि पुढची काही वर्षं भेटेल त्याला ऐकवली. मग एकदा शोधनिबंध चाळायला बसलो आणि कान पकडायची वेळ आली. पहिलं वाक्य अर्धं बरोबर, अर्धं वादात. दुसरं चूक. तिसरं बऱ्यापैकी खरं, पण त्यात कोडं काहीच नाही.

बातमीत ‘गूढ’ हा शब्द दिसला की ज्यांचं बोट तिथेच थांबतं, पण पुढे कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. न सुटलेली कोडी म्हटली की कृष्णद्रव्य, जीवसृष्टीचा उगम, मेंदूतली जाणीव अशी यादी समोर येते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे प्रश्न समजेपर्यंतच दम लागतो, तपास कसा चालतो हे बघायची वेळच येत नाही. त्यापेक्षा एस.टी.ने जाऊन बघता येईल असं कोडं घ्या. मी लोणार घेतो, कारण एकाच सरोवरात तीन कोडी आहेत: एक सुटायला दीडशे वर्षं लागली, एक काही आठवड्यांत सुटलं आणि एक अजून उघडं आहे.

पायरी १: कोडं फोडून घ्या

‘लोणारचं रहस्य’ असं काही नसतं. ते एक गाठोडं आहे, आणि गाठोडं प्रयोगशाळेत नेता येत नाही. आधी माहीत असलेलं बाजूला काढा. बुलढाणा जिल्हा. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळापर्यंत खोली साधारण १५० मीटर. भोवतालचा दगड दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. तळाला खारं, अल्कधर्मी पाणी. एवढ्यावर कुणाचं भांडण नाही.

आता प्रश्न वेगळे करा. खड्डा कशामुळे झाला? केव्हा झाला? २०२० साली पाणी गुलाबी का झालं? तीन प्रश्न, तिन्हींना वेगळे पुरावे लागतात, आणि तिन्हींवर काम करणारी माणसंही वेगळी: खडकवाले, कालमापनवाले, सूक्ष्मजीववाले. प्रश्न नीट फुटला की नाही याची सोपी कसोटी अशी, की त्याचं उत्तर एखाद्या आकड्यात किंवा ‘हे की ते’ अशा रूपात येऊ शकतं का? ‘लोणार इतकं अद्भुत का?’ याला उत्तर नाही. ‘लोणार ५० हजार वर्षांचं की ५ लाख वर्षांचं?’ याला आहे, फक्त ते अजून पक्कं मिळालेलं नाही.

पायरी २: कोडं खरंच आहे का, ते बघा

ही पायरी लोक गाळतात, कारण तिच्यात मजा मरते. तरी गाळू नका.

होकायंत्राचंच घ्या. गाईड दगडाजवळ होकायंत्र नेतो, काटा फिरतो, शाळेची सहल ‘ओऽऽ’ करते. उल्केतलं लोखंड! पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज मुळातच असतं. तेच होकायंत्र घेऊन सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर जा आणि कातळाच्या जवळ धरून बघा. सगळीकडे नाही, पण काही जागी काटा तिथेही हलतो, विशेषतः वीज पडलेल्या उघड्या माथ्यावर. म्हणजे लोणारला काटा हलतो हे खरं, पण त्यावरून उल्का सिद्ध होत नाही, कारण उल्का न पडलेल्या ठिकाणीही तो हलतो. संशोधक ज्याला ‘तुलनेचा नमुना’ म्हणतात तो एवढाच. जिथे तुमचं कारण नाही तिथे परिणाम दिसतो का, हे आधी बघायचं.

‘जगातलं एकमेव’चंही तसंच. ब्राझीलमध्ये व्हिस्टा अलेग्रे आणि वार्जियाव अशी दोन विवरं बेसॉल्टमध्येच आहेत, दोन्ही लोणारपेक्षा कितीतरी मोठी. फरक असा की ती फार जुनी आणि झिजलेली आहेत. लोणार ताजं दिसतं, काठ शाबूत आहे. चंद्राच्या काळ्या सपाट भागांवर आणि मंगळावर बेसॉल्टच पसरलेला आहे, त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. हे कारण ‘एकमेव’पेक्षा जास्त चांगलं आहे, पण गाईडच्या तोंडी बसत नाही.

जाता जाता: आकाशात पेटते ती उल्का, जमिनीवर पोहोचतो तो अशनी. पुढे मी अशनी म्हणेन. गाईडला दुरुस्त करायला जाऊ नका, वेळ जातो.

पायरी ३: प्रत्येक उत्तराने मागे काय ठेवलं असतं?

तपासाचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबू.

लोणारच्या खड्ड्याची सगळ्यांत जुनी उपपत्ती पुराणातली. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. म्हणून गावातलं ते देखणं देऊळ दैत्यसूदनाचं. झाकण उडून ढाकेफळजवळ पडलं, तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण, आणि टेकडी सरोवराच्या मापाची आहे असंही सांगतात. हसू नका. गोष्ट सांगणाऱ्याला हे कळलं होतं की खड्डा झाला तर त्यातला माल कुठेतरी गेला पाहिजे, आणि मापं जुळली पाहिजेत. पुढे एका थोर भूवैज्ञानिकाने हाच हिशेब मांडला आणि तो फसला. त्याच्याकडे येतोच.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. तेव्हापासून जवळपास दीडशे वर्षं बहुतेकांचं म्हणणं ज्वालामुखी असंच होतं. त्यात वेडगळ काही नव्हतं. सभोवार सगळा लाव्हाच, मग खड्डाही त्याचाच असणार. दुसरी बाजू म्हणायची, आकाशातून काहीतरी आदळलं.

अशा वेळी नवखा माणूस विचारतो, ‘यातलं पटण्यासारखं कुठलं?’ हा प्रश्न टाका. त्याऐवजी वहीचं पान उभं दुमडा आणि दोन्ही बाजूंना लिहा: हे खरं असेल तर दगडात काय दिसलं पाहिजे? ज्वालामुखी असेल तर आजूबाजूच्या लाव्ह्यापेक्षा नंतरचा, ताजा लाव्हा किंवा राख मिळाली पाहिजे. आदळणं असेल तर काठावरचे थर बाहेरच्या बाजूला उचलले गेले पाहिजेत, वरच्या टोकाला तर उलटे झालेले. तळाच्या गाळाखाली चुरडलेला खडक हवा. आणि दगडातल्या खनिजांवर असा दाब पडल्याची खूण हवी, जो कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही.

आता तो फसलेला हिशेब. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेचा त्या काळातला अव्वल भूवैज्ञानिक. १८९१ साली तो ॲरिझोनातल्या एका गोल खड्ड्यावर गेला. अशनीचा असावा अशी त्याला शंका होती आणि त्याने दोन कसोट्या आधी ठरवून घेतल्या. लोखंडी अशनी आत गाडला गेला असेल तर होकायंत्राची सुई तिथे ढळेल. आणि अशनी आत असेल तर खड्ड्यात त्याचीही जागा धरावी लागेल, म्हणजे बाहेर पडलेला मलबा पुन्हा खड्ड्यात भरला तर तो उरला पाहिजे. त्याने मोजलं. सुई ढळली नाही. मलबा आणि खड्डा जवळपास सारखे भरले. गिल्बर्टने प्रामाणिकपणे निकाल दिला: अशनी नाही, वाफेचा स्फोट. १८९६ साली त्याने हे मांडलं तेव्हा जोडीला लोणारचं उदाहरण दिलं, कारण दोन्ही खड्डे सख्ख्या भावांसारखे दिसतात.

दोन्ही मोजमापं बरोबर होती. निकाल चुकला. ॲरिझोनाचा खड्डा अशनीचाच निघाला. गिल्बर्टने गृहीत धरलं होतं की अशनी आत अख्खा बसलेला असणार. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येणारी वस्तू आदळली की तिचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन, उधळून जातो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. म्हणून कसोटी लिहिताना तिच्याखाली एक ओळ आणखी लिहा: ‘ही कसोटी काय धरून चालते?’ माझ्या मते या लेखातली सगळ्यांत उपयोगी सवय हीच.

लोणारचा निकाल १९७३ साली लागला. अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी तळाशी बोअर घेऊन नमुने काढले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज असतं. त्याच्यावर प्रचंड धक्क्याचा दाब पडला की त्याची काच होते, पण न वितळता, म्हणजे स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो आणि आतली रचना मोडते. लाव्ह्यातल्या उष्णतेने काच होते तेव्हा आकारही जातो. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो, आणि एवढा दाब देणारं दुसरं नैसर्गिक कारण माहीत नाही. हे मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही आपल्याकडे पडलेल्या दगडात, १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या अशनीत. पुढे कळलं की तो मंगळावरून आलेला.

मधली पायरी: परातीतला प्रयोग, आणि तो कसा फसवतो

घरी करून बघावं असं काही हवं असतं, म्हणून हा प्रयोग. परातीत चार बोटं मैदा पसरा, वर चाळणीने हळदीचा पातळ थर द्या. उंचावरून गोटी सोडा. गोल खड्डा पडतो, काठ उचलला जातो, खालचं पांढरं पीठ हळदीवर किरणांसारखं पसरतं. तेच लोणारच्या भोवती पसरलेल्या मलब्याचं छोटं रूप. (हळद घरच्यांना विचारून घ्या. मी विचारली नव्हती.)

मग गोटी तिरकी फेका. खड्डा लांबट होतो. मी यावरून फार दिवस असं धरून बसलो होतो की लोणार जवळजवळ गोल आहे म्हणजे अशनी सरळ डोक्यावरून आला असणार. चूक. गोटी पीठ ढकलते. अशनी ढकलत नाही, तो आदळताच स्फोट होतो, आणि स्फोटाचा खड्डा गोलच होतो, मग वस्तू बरीच तिरकी आली असली तरी. फारच सपाट कोनातून आली तरच तो लांबट दिसतो. चंद्रावरचे खड्डे गोल आहेत म्हणून ते अशनींचे नसणार, असा युक्तिवाद एके काळी मोठमोठी माणसंही करत होती. परातीने मला त्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. लोणारचा अशनी पूर्वेकडून तिरका आला असावा असं मांडणारे संशोधक खड्ड्याच्या आकारावर भिस्त ठेवत नाहीत. काठावरचे थर कुठे किती कलले आणि मलबा कुणीकडे जास्त गेला, हे ते मोजतात.

पायरी ४: आधी एक सुटलेलं कोडं शेवटपर्यंत बघा

जून २०२० मध्ये लोणारचं हिरवट पाणी गुलाबी झालं. नासाच्या उपग्रहचित्रांत २५ मेला हिरवं आणि १० जूनला गुलाबी असं स्वच्छ दिसतं. व्हॉट्सॲपवर तेव्हा काय काय फिरलं ते आठवत असेल.

तपास मात्र अगदी साधा झाला, आणि नवख्याने तो मुद्दाम अभ्यासावा. वन विभागाने पाण्याचे नमुने घेतले, ते नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. शक्यता मोजक्या होत्या: पाण्यात विरघळलेलं एखादं खनिज, लाल रंगद्रव्य बनवणारं शेवाळ, किंवा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पुण्यात नमुना काही दिवस न हलवता ठेवला तेव्हा गुलाबी भाग तळाला बसला आणि वरचं पाणी नितळ झालं.

इथे क्षणभर थांबून स्वतः विचार करा. रंग विरघळलेला असता तर तो खाली बसला असता का? ताकातलं मीठ तळाला बसत नाही. खाली बसतं ते तरंगणारं काहीतरी, म्हणजे इथे पेशी. ही एक गोष्ट खनिजाची शक्यता जवळपास बाद करते, आणि तिला बरणीपलीकडे काही लागत नाही. मग सूक्ष्मजीव तपासले, ते हॅलोआर्किया निघाले. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, त्यांना मोकळं रान मिळालं. इराणमधलं उर्मिया सरोवरही अशाच कारणाने लाल होतं. महिना-दीड महिन्यात गोष्ट संपली. आघारकरचे तेव्हाचे संचालक ढाकेफळकर, हा योगायोग लवणासुराच्या झाकणाची गोष्ट माहीत असलेल्यालाच कळेल.

कोडं इतक्या लवकर का सुटलं, याला सरळ उत्तर आहे. घटना नुकतीच घडली होती, नमुना हातात होता, शक्यता थोड्या होत्या आणि जगात आधीची उदाहरणं होती. यातली एकेक गोष्ट काढून घ्या, म्हणजे लोणारचं वय का सुटत नाही ते कळेल.

पायरी ५: घड्याळ कुठलं, आणि ते कधी खोटं चालतं?

हा भाग सावकाश वाचा. दगडावर तारीख लिहिलेली नसते. संशोधक दगडात असं काहीतरी शोधतात जे ठरलेल्या गतीने बदलतं आणि आदळण्याच्या क्षणी शून्यावर आलं असेल. घड्याळ शून्यावर आलं नाही, किंवा मध्येच त्यात कुणी हात घातला, तर वय चुकतं. लोणारवर निदान तीन घड्याळं लावली गेली आहेत.

पहिलं थर्मोल्युमिनेसन्सचं. खनिजांवर आजूबाजूच्या किरणोत्साराचा मारा सतत होत असतो, त्यातली थोडी ऊर्जा आत अडकून राहते. दगड तापवला की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. आदळण्याच्या उष्णतेने आधीची सगळी शिल्लक उडाली असणार, म्हणून आज जितका प्रकाश मिळतो तितका काळ त्यानंतर गेला. पाटी पुसून पुन्हा लिहायला घेतल्यासारखं. १९९७ साली या पद्धतीने वय आलं ५२ हजार वर्षं, अधिक-उणे ६ हजार. गाईडचे पन्नास हजार ते हेच. या घड्याळाची खोड म्हणजे अडकलेली ऊर्जा कधी कधी हळूहळू गळते, ज्वालामुखी खडकांतल्या खनिजांत तर हे प्रसिद्धच आहे. गळती झाली तर वय खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

दुसरं आर्गॉनचं. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम असतं. त्यातला एक किरणोत्सारी प्रकार फार संथपणे आर्गॉन वायूत बदलतो, त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. दगड वितळला की जुना आर्गॉन उडून जातो आणि मोजणी नव्याने सुरू होते. २०११ साली लोणारच्या वितळलेल्या दगडावर हे मोजमाप झालं आणि उत्तर आलं साडेपाच ते साडेसहा लाख वर्षांच्या घरात. म्हणजे आधीच्या दहापट! याची खोड बरोबर उलटी. मूळ बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्यात आर्गॉन भरपूर साठलेला. क्षणभर वितळलेल्या दगडातून तो सगळाच्या सगळा उडाला नाही, थोडा मागे राहिला, तर वय खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. संशोधकांना हे माहीत असतं, ते या उरलेल्या आर्गॉनची वजाबाकी करतात. वाद त्या वजाबाकीवर आहे.

तिसरं विश्वकिरणांचं. उघड्या पडलेल्या दगडावर अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा होऊन बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ हे दुर्मिळ अणू तयार होतात. ते मोजले की दगड किती काळ उघड्यावर आहे हे कळतं. २०१४ साली या पद्धतीने आकडा आला साधारण ३७ हजार ५००, अधिक-उणे ५ हजार. खोड अशी की पावसाने दगडाचा वरचा थर झिजून गेला तर साठलेले अणूही त्याच्याबरोबर जातात. वय पुन्हा कमी दिसतं.

कार्बनचं घड्याळ का लावत नाहीत, असं हमखास विचारलं जातं. ते सेंद्रिय वस्तूंवर चालतं, आणि साधारण ५० हजार वर्षांपलीकडे त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही. नेमक्या वादाच्या जागी ते आंधळं होतं. सरोवराच्या गाळाला मात्र ते चालतं. लोणारच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळाच्या नळीत गेल्या ११ हजार वर्षांच्या पावसाचा इतिहास वाचला गेला आहे. त्याखाली आणखी बराच गाळ आहे. ‘१० मीटरला ११ हजार, मग सगळ्याला किती’ असं त्रैराशिक मांडायचा मोह होतो. मांडू नका. गाळ साठायची गती बदलते, खालचा गाळ दाबला जातो.

पायरी ६: ‘अधिक-उणे’ वाचायला शिका

बातमीत हा भाग कापला जातो, म्हणून तुम्ही तो आधी शोधा. ५२ हजार, अधिक-उणे ६ हजार म्हणजे ४६ ते ५८ हजार. ३७ हजार ५००, अधिक-उणे ५ हजार म्हणजे साडेबत्तीस ते साडेबेचाळीस हजार. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवत नाहीत. मग भांडण? थांबा. बहुतेक वेळा असा एकपट पट्टा सुमारे दोन-तृतीयांश खात्रीचा असतो. ९५ टक्क्यांच्या आसपास खात्री हवी तर तो दुप्पट धरतात. दुप्पट केल्यावर पहिला ४० ते ६४ हजार, दुसरा साडेसत्तावीस ते साडेसत्तेचाळीस हजार. आता ते एकमेकांवर येतात. या दोन निकालांत फार मोठा तंटा नाही. म्हणूनच निबंधात दिलेला पट्टा एकपट आहे की दुप्पट, ही तळटीप शोधायला विसरू नका.

साडेपाच लाखांच्या निकालाला हा उपाय लागू पडत नाही. तो पट्टा दुप्पट करा, चौपट करा, ५० हजारांपर्यंत पोहोचत नाही. इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते: अधिक-उणेमध्ये मोजमापातली चूक मावते, पद्धतीतली नाही. तराजू दर वेळी अचूक तेच वजन दाखवतो, पण पारड्याखाली दगड बांधलेला असेल तर? लोणारमध्ये कुठल्या तरी पारड्याखाली दगड आहे. कुठल्या, एवढंच उरलं आहे.

माझा कल? काठ इतका शाबूत, मलबा अजून जागेवर, त्यामुळे मला कमी वयाकडे झुकावंसं वाटतं. पण दख्खनच्या पठारावर ऊन-पावसात साडेपाच लाख वर्षांत काठ किती झिजला असता, याचा हिशेब मी स्वतः केलेला नाही. ‘दिसायला तरुण’ हा पुरावा लग्न जमवताना चालतो.

पायरी ७: बातमी सोडा, निबंध उघडा

गूगल स्कॉलरवर जा, लोणारचं इंग्रजी स्पेलिंग टाका, पुढे क्रेटर आणि एज हे शब्द. निबंध समोरून मागे वाचायचा नाही. आधी गोषवारा. मग थेट तक्ते आणि आकृत्या. त्यानंतर चर्चेचा भाग, कारण आपल्या कामात कुठे पाणी मुरतं हे लेखक तिथे स्वतः सांगतात. पद्धतीचा भाग पहिल्या वाचनात नाही समजला तरी बिघडत नाही. सगळ्यांत कामाची जागा म्हणजे निबंधाखालचं ‘सायटेड बाय’. तिथे टिचकी मारली की नंतर कुणी त्याला दुजोरा दिला, कुणी खोडून काढला, हे रांगेने दिसतं. बरेच निबंध पैसे मागतात. लेखकाला ईमेल करून मागितला तर तो बहुधा आनंदाने पाठवतो, त्याचं काम कुणी वाचावं असं त्यालाही वाटतंच.

वहीत प्रत्येक कोड्याला एक पान द्या आणि तीन रकाने पाडा: ‘सगळ्यांना मान्य’, ‘एका गटाचं म्हणणं’, ‘कशाने निकाल लागेल’. तिसरा रकाना भरता आला नाही तर कोडं तुम्हाला अजून कळलेलं नाही. माझ्या लोणारच्या पानावर तिथे लिहिलं आहे: जुन्या आर्गॉनचा अंशही न उरलेली काच, त्याच तुकड्यावर दोन वेगळ्या घड्याळांचं मोजमाप, गाळाच्या अगदी शेवटच्या, चुरडलेल्या खडकाला टेकलेल्या थराचं वय. बातमीत ‘लोणारचं वय कळलं’ असं आलं की मी आधी बघतो, यातलं काय झालं.

जायचं असेल तर

छत्रपती संभाजीनगरहून रस्ता साधारण दीडशे किलोमीटर. थंडीत जा, सकाळी लवकर. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, दगड-पाणी उचलायचं नाही, ‘अभ्यासासाठी’ म्हणूनही नाही. काठावरून खाली कमळजा देवीच्या देवळाकडे उतरायच्या आधी कड्यावरचे थर न्याहाळा. ते बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात का, कुठे जास्त, कुठे कमी? पायरी तीनमधली ओळ डोळ्यांनी तपासायची हीच जागा.

मग मोठ्या विवरापासून उत्तरेला जेमतेम पाऊण किलोमीटरवरच्या अंबर तळ्याला जा. त्याला छोटं लोणार म्हणतात. काही संशोधकांना तो त्याच अशनीच्या तुटलेल्या तुकड्याचा खड्डा वाटला, इतरांना ते पटलेलं नाही. तुमचं पहिलं पान यावर लिहा. तुकडा पडला असेल तर काय सापडायला हवं, माणसांनी किंवा पाण्याने केलेला खळगा असेल तर काय, आणि दोन्हीकडे सापडेल असं काय, जे पुरावा म्हणून धरायचं नाही. होकायंत्र खिशातच राहू द्या. तो खेळ गाईडचा आहे, त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.